ठकूमावशी आणि कच्च्या हाडांचं बाळ

मला माणसं नावावरून आठवत नाहीत, जन्माच्या वजनावरून आठवतात. परवा चिंचवडच्या बाजारात भाजी घेत होते, तर एक दांडगा तरुण मोटारसायकल दामटत अगदी अंगावरून गेला. शेजारीण किंचाळली, "कोणाचा गं हा? काय ही गाडी चालवायची रीत!" मी म्हटलं, "हा साडेतेराशे ग्रॅम." ती माझ्याकडे बघतच राहिली. आता तिला काय सांगणार? ह्या मेल्याला मी सव्वा महिना रबरी नळीने दूध पाजलंय, आणि आज तो माझ्याच पातळावर चिखल उडवून गेला. ओळख दाखवायचं तर नावच नको.

वीसेक वर्षं मी पिंपरीजवळच्या एका लहानशा प्रसूतिगृहात सिस्टर होते. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमची काही फार शोभा नाही. मी मूळची चिपळूणकडची. नर्सिंग शिकून इकडे आले तेव्हा सगळीकडे ज्वारीची शेतं आणि मधेच एखादी कंपनी, असं होतं. बघता बघता सगळीकडे कंपन्या आणि मधेच एखादं शेत, असं झालं. मराठवाड्यातून, सोलापुराकडून, आमच्या कोकणातून पोरं आली, शिफ्टला लागली, गावाकडे जाऊन लग्नं करून आली, आणि मग वर्षा-दीड वर्षाने आमच्या दारात बाकड्यावर येऊन बसली. बाप झालेल्या पुरुषाइतका निरुपयोगी प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. पण इकडचे बाप निदान कामाचे होते. आमची अपुऱ्या दिवसांच्या बाळांची पेटी म्हणजे लाकडी खोकं, वर काच आणि खाली चार बल्ब. एका कंपनीतल्या सुताराने बायको सुखरूप सुटली म्हणून बनवून दिली होती. बल्ब गेला की मी बाहेर येऊन ओरडायचे, "इलेक्ट्रिशियन कोण आहे?" आणि तीन हात वर व्हायचे.

माझं काम होतं ह्या पेटीतल्या पोरांचं. लोकांना वाटतं अशा बाळाला ऊब दिली की झालं. ऊब तर कोंबडीही देते. खरं काम खाऊ घालण्याचं. सातव्या महिन्यात आलेल्या बाळाला चोखता येत नाही, गिळायचं आणि श्वास घ्यायचा यांचा मेळ बसत नाही. मग आईचं दूध वाटीत काढायचं आणि नाकातून पोटात घातलेल्या बारीक नळीतून सोडायचं. सुरुवातीला दोन सीसी, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी. ते पचलं तर पुढच्या वेळी किंचित जास्त. नळी सुटली की ड्रॉपर, ड्रॉपर सुटला की बोंडलं, म्हणजे ते चोच असलेलं इवलंसं भांडं, आणि मग एक दिवस बाळ आईच्या छातीला लावायचं. त्या दिवशी मी वॉर्डात उगाचच सगळ्यांवर ओरडायचे. नाहीतर रडू आलं असतं, आणि सिस्टर रडलेली आयांना चालत नाही.

त्यात पुन्हा हाडांचं वेगळं. बाळाच्या हाडात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरायचं काम पोटात शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जोरात चालतं. आधीच बाहेर आलेल्या बाळाचं ते अर्ध्यावर राहतं. हाडं असतात, आकारही असतो, पण आत भरण कमी. ते बाहेर आल्यावर दुधातून भरून काढायचं, आणि दुधातला चुना हाडात बसावा म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे. घरच्या बाळाला कोवळं ऊन मिळतं, आमची पोरं बल्बखाली. बल्बने ऊब येते, ऊन येत नाही.

घरी पाठवल्यावरही ह्या पोरांची वजनं मी आठवड्यातून दोनदा घ्यायचे, आणि तिथे एकेक गंमत असायची. तळवड्याची एक सून होती. घरात घड्याळ नाही, म्हणून तिला सांगितलं होतं की कंपनीचा भोंगा झाला की पाज, आणि दोन भोंग्यांच्या मधे एकदा पाज. बाळाने छान अंग धरलं होतं, पण गुरुवार उलटला की वजन हटकून उतरलेलं. तीन आठवडे मी डोकं खाजवलं. हगवण नाही, ताप नाही. शेवटी उलगडा झाला की गुरुवारी कंपनीला सुट्टी, भोंगा बंद, आणि भोंगा बंद म्हणून बाळाचा उपास! सून म्हणते, "तुमीच म्हनला होता न्हवं, भोंग्यावर पाज?" चूक माझीच. शेवटी गुरुवारचं काम तिच्या सासूबाईंनी अंगावर घेतलं. त्यांचा आवाज कंपनीला भारी होता.

असे किस्से सांगायला लागले तर अख्खा दिवाळी अंक मलाच लागेल. पण एक बाळ आहे जे मी कधी हसत हसत सांगते आणि कधी सांगतच नाही. बाराशे ग्रॅम. आणीबाणीच्या थोडं आधीची गोष्ट असेल.

बाप विश्वनाथ, लातूरकडचा, एका कंपनीत इन्स्पेक्शनला. म्हणजे मशीनवर तयार झालेला माल मापात आहे की नाही हे तपासणं. आई सुमन, एकोणीस-वीस वर्षांची, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. राहायला काळेवाडीत चाळीत. पहिल्याच आठवड्यात विश्वनाथ पावडरच्या दुधाचा मोठा डबा घेऊन आला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र. छाती फुगवून म्हणाला, "सिस्टर, ओव्हरटाइम करून आणलाय. आपल्याला कमी नाही करायचं."

मी म्हटलं, "छान आहे. घरी न्या आणि रिकामा करून त्यात तूरडाळ भरा. ह्याला आईचंच दूध."

"पण डब्यावरचं बाळ बघा की!"

"ते बाळ डब्यावरच राहतं, भाऊ. त्याला पचवायचं नसतं."

गडी हिरमुसला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ह्या खेपेला जेवणाच्या डब्यातून व्हर्निअर काढलं. व्हर्निअर म्हणजे केसाएवढा फरक मोजायचं ते लोखंडी हत्यार, टोकदार जबड्यांचं. ते घेऊन हा माझ्या पेटीकडे निघाला! मी अशी काही किंकाळी फोडली की बाळंतिणी उठून बसल्या. मग आमचा तह झाला. त्याने दोऱ्याने बाळाचं डोकं मोजायचं आणि दोरा बाहेर नेऊन व्हर्निअरने मोजायचा. रोज फर्स्ट शिफ्ट सुटली की हा यायचा, दोरा मोजायचा, आणि वहीत आलेख काढायचा. "सिस्टर, कालच्यापेक्षा दोन पॉइंट वाढलंय," असं आनंदाने सांगायचा. मी म्हणायचे, "हे बाळ आहे, बेअरिंग नाही." आम्ही सगळ्याजणी त्याला इन्स्पेक्टर म्हणायला लागलो.

एकदा त्याने विचारलं, "हाडं कच्ची म्हणजे काय हो सिस्टर?" मी त्याला चुन्याचं सगळं समजावलं. तो विचार करून म्हणाला, "म्हणजे माल वेल्डिंग व्हायच्या आधीच गेटाबाहेर आलाय म्हणा की." मला हसू आलं, पण इतकं सोपं करून मलाही कधी सांगता आलं नव्हतं.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते. रोज सकाळी आठच्या दुधात मी स्वतः घालायचे. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नव्हता, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. रजिस्टरमध्ये रोज खूण. बाळ वाढत होतं, नळी सुटली, वाटी आणि ड्रॉपर आला. एकच खोड होती त्याला. झबलं बदलायला गेलं की आकाशपाताळ एक करायचा. एवढंसं पोर, पण भोकाड असं की बाहेर रस्त्यावर ऐकू जावं. मी त्याचं नाव नवाबसाहेब ठेवलं होतं. "नवाबसाहेबांना कपडे पसंत नाहीत," म्हणायचे आणि बाही ओढून झबलं चढवायचे.

दोन महिन्यांनी नवाबसाहेब घरी निघाले. आता सुमनला बाळाला नीट घेता येत होतं, दूध भरपूर होतं. मी नेहमीचं भाषण दिलं. वर एक कलम जोडलं, "आणि त्या ठकूमावशीला बाळाच्या अंगाला हात लावू द्यायचा नाही. समजलं?"

ठकूमावशी म्हणजे रहाटणीची. जुन्या गावातल्या घरातली विधवा बाई, साठीची. काळेवाडी-रहाटणीतल्या निम्म्या पोरांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम तिचं. दगडावर पाय लांब करून बसायची, पोर पायांवर पालथं घालायची आणि रडणारं पोर गप्प व्हायचं. तिचे आणि माझे खटके बरेच दिवस चालू होते. मी सांगायचे पहिलं दूध पाजा, ती सांगायची पिळून टाका. मी सांगायचे मध नको, ती बोटाने चाटवायची. एकदा तर मी तिला वॉर्डातून हाकलली होती. जाता जाता म्हणाली, "शिष्टरबाई, तुमी जलमायच्या आदी पोरं जगत हुती." मी म्हटलं, "आणि मरत किती होती तेही सांगा." दोघीही बरोबर होतो. पण तेव्हा मला वाटायचं की फक्त मीच.

पाचव्या दिवशी सुमन बाळाला घेऊन धावत आली. उजवा हात लुळा पडल्यासारखा. काखेत हात घालून उचललं की जीव जाईल असं रडणं. मी हात चाचपला तर दंडाच्या हाडाला गाठ लागली.

"तेल लावून चोळलंत ना?" मी विचारलं.

"नाही..." सुमन म्हणाली.

"ठकूमावशी आली होती का?"

"आल्या होत्या, पण त्यांनी..."

"बस! कळलं."

ते 'पण त्यांनी' च्या पुढचं मी ऐकून घेतलं नाही. डॉक्टरांनी हात छातीशी मऊ पट्टीने बांधला आणि एक्स-रे फोटो काढायला पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. फोटो यायला दोन दिवस लागणार होते. माझ्याकडे दोन दिवस थांबायला वेळ नव्हता. ड्यूटी संपली ती तशीच युनिफॉर्मवर काळेवाडीला गेले. नळाला पाणी यायची वेळ, बायकांची ही गर्दी, आणि ठकूमावशी कुणाच्या तरी बाळाला आंघोळ घालून हात पुसत होती.

मी काय काय बोलले ते सगळं आठवतं, आणि सगळं सांगणार नाही. बाराशे ग्रॅमचं बाळ मी दोन महिने जिवाचं रान करून वाढवलं आणि ह्या बाईने पाच दिवसांत त्याचा हात मोडला, असं म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर बरं. "हाडमोडी बाई आहे ही," असंही म्हणाले. तो शब्द मला त्या क्षणी सुचला, आणि सुचल्याचा आनंद झाला.

ठकूमावशी उभी राहिली. "शिष्टरबाई, म्या त्येला चोळलंच न्हाई."

"मग हात काय आपोआप मोडला?"

"त्येचं डोस्कं हाताला लागलं तवाच मला कळलं. दाबलं की आत जातंय, सोडलं की वर येतंय. असल्या लेकराला मी न्हाई चोळत. निस्तं पानी वतलं."

"डोकं दाबून बघायला तुम्हाला सांगितलं कोणी? तुम्ही डॉक्टर का?"

बायका हसल्या. मी जिंकून घरी आले. कवटीचं हाड दाबलं की आत जातं आणि सोडलं की वर येतं, हे कच्च्या हाडांचं लक्षण मी परीक्षेला पाठ केलं होतं, पाच मार्कांना आलंही होतं. ती बाई तेच मला चारचौघांत तोंडावर सांगत होती. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही उजेड पडला नाही.

दोन दिवसांनी फोटो आला. आमचे डॉक्टर शांत गृहस्थ. कुणावर आवाज चढवायचे नाहीत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटायची. त्यांनी ती काळी फिल्म खिडकीसमोर धरली. हाडं पांढरी दिसायला हवीत, ती धुरकट दिसत होती. दंडाचं हाड मोडलेलं होतं आणि त्याभोवती नवं हाड गाठीसारखं धरलेलं होतं.

"सिस्टर, ही गाठ धरायला किती दिवस लागतात?"

"तान्ह्याला... आठ-दहा दिवस तरी."

"बाळाला घरी जाऊन?"

"आज सात. आणि फोटो काढला तेव्हा पाच."

डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घातली आणि चष्मा पुसत बसले. हाड आमच्याकडे मोडलं होतं. माझ्या वॉर्डात. बहुतेक माझ्याच हातांनी, झबल्याची बाही ओढताना. नवाबसाहेबांना कपडे आवडत नव्हते ते ह्यासाठी. तो रोज मला सांगत होता की हात दुखतोय, आणि मी रोज त्याची थट्टा करत होते.

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "थेंब नियमित गेले होते ना?"

"रोज. न चुकता," मी म्हटलं आणि रजिस्टर समोर आपटलं. खुणा अगदी ओळीत होत्या.

विश्वनाथ तिथेच उभा होता. मला वाटलं आता हा माझा गळा धरणार, आणि धरला असता तर मी सोडवून घेतला नसता. तो म्हणाला, "सिस्टर, रजिस्टर राहू द्या. आमच्याकडे माल रिजेक्ट झाला की आम्ही माणसाला विचारत नाही काय केलंस. म्हणतो, जसं रोज करायलास तसं पुन्हा करून दाखव."

मला राग आला. पण करून दाखवलं. वाटीत दूध घेतलं, बाटलीतून थेंब टाकले, ढवळलं, नळीला लावलेल्या पिचकारीत ओतलं आणि खाली दुसऱ्या भांड्यात सोडलं. मग सवयीने रिकामी वाटी गरम पाण्याखाली धरायला निघाले.

"थांबा," विश्वनाथ म्हणाला. त्याने वाटी घेतली आणि आतून बोट फिरवलं. बोट चकचकीत. माझ्यापुढे धरलं. मग नळी घेऊन तिच्यात गरम पाणी सोडायला लावलं. पाण्यावर तेलाचा तवंग आला.

थेंब तेलातले होते. दुधात मिसळतच नव्हते. अर्धे वाटीला चिकटायचे, उरलेले पिचकारीला आणि नळीला, नळी सुटल्यावर ड्रॉपरला, आणि मी रोज सगळं गरम पाण्याने लख्ख धुऊन टाकायचे. माझी वाटी आमच्या हॉस्पिटलात सगळ्यात स्वच्छ असायची. दोन महिने मी ड जीवनसत्त्व मोरीला पाजलं होतं.

"माणूस खोटं बोलत नाही बघा," विश्वनाथ म्हणाला, "पण वाटी खरं बोलते." आणि मग बिचारा स्वतःच ओशाळला.

डॉक्टर माझी समजूत घालायला म्हणाले, "अहो, थेंब पोचले असते तरी हाडं थोडी कच्चीच असती. इतक्या लहान बाळाला नुसतं आईचं दूधही पुरत नाही." त्यांनी थेंबांच्या जोडीला चुन्याचं पातळ औषध सुरू केलं. मी त्या दिवसापासून थेंब आधी थेट बाळाच्या जिभेवर आणि मग दूध, असा नियम केला. नळीतल्या बाळांना आधी थेंब नळीच्या तोंडाशी आणि मागून दूध लोटायचं. झबली पुढून उघडी शिवून घेतली, म्हणजे बाही ओढायला नको. माझ्यानंतर आलेल्या मुलींना हे सगळं करताना मी पाहिलंय आणि मिरवलंही आहे. हे कुठून आलं ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

बाळाचा हात तीन आठवड्यांत जुळून आला. तान्ह्या हाडांचं एक बरं असतं, जितकी लवकर मोडतात तितकीच लवकर जुळतात. एकदा पट्टी सोडताना सुमनने तिचं राहिलेलं वाक्य पुरं केलं. "सिस्टर, ठकूमावशींनीच सांगितलं होतं. पाणी ओतताना म्हणाल्या, हा हात धरू नको, ह्याला काहीतरी झालंय, दवाखान्यात ने. मी त्यांच्यामुळे आले होते."

आता खरं तर उठून काळेवाडीला जायला हवं होतं. मी गेले नाही. आधी ड्यूटी होती, मग चुलतबहिणीचं लग्न, मग पावसाने रस्ता खराब, मग पाऊस गेला तर माझे पांढरे बूट फाटले. विश्वनाथ दर वेळी बाळाचं वजन करायला आला की विचारायचा, "सिस्टर, ठकूमावशींचा तो रिपोर्ट क्लोज केलात का?" मी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." तो मान हलवायचा. "आमच्याकडे चुकीच्या ऑपरेटरला मेमो गेला ना, तर तो नोटीस बोर्डावरच मागे घ्यावा लागतो. केबिनमध्ये नाही चालत." मी त्याला आल्या पावली घालवून द्यायचे. खरं कारण एकच होतं. मला लाज वाटत होती, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईला लाज वाटली की ती कामाची सबब सांगते.

तीन-साडेतीन महिने गेले. मग एक दिवस वॉर्डात एक आजी आपल्या लेकीला घरी न्यायला आली. धडधाकट, पुऱ्या दिवसांचं बाळ. मी सहज विचारलं, "आंघोळ कोण घालणार?" आजी म्हणाली, "बघू कुनीतरी. ती हाडमोडी नगं बया."

माझाच शब्द. पुरा काळेवाडीभर पसरून, ताजातवाना होऊन माझ्याकडे परत आला होता. मी विचारलं तर कळलं, की ठकूमावशीला कुणीच बोलवत नाही. घरी बसून असते. शेजारच्या बायका पोरांना घेऊन तिच्या दारावरून जाताना पदराखाली झाकून नेतात. जिच्या पायांवर अर्धी वस्ती वाढली, तिच्यापासून पोरं झाकत होते लोक. आणि ते मी केलं होतं, दहा मिनिटांत, नळावर उभी राहून.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. आधी रहाटणीला गेले, ठकूमावशीच्या दारात. तिने मला पाहिलं आणि उठलीसुद्धा नाही. मी म्हटलं, "मावशी, माझ्याबरोबर काळेवाडीला चला. जिथे बोलले तिथेच बोलायचंय." तिने पदर सारखा केला आणि चालायला लागली.

नळावर तीच वेळ, तीच गर्दी. मी काही पाठ करून गेले नव्हते. म्हणाले, "बायांनो, ऐका. त्या बाळाचा हात ह्यांनी मोडला नाही. आमच्या हॉस्पिटलात मोडला, माझ्या हाताखाली. औषध पोटात न जाऊन हाडं कच्ची राहिली ते मला कळलं नाही, आणि हाड मोडलं तेही कळलं नाही. ह्यांना दोन्ही कळलं. मी त्यांना हाडमोडी म्हणाले. तो शब्द माझा आहे, मला परत द्या." हंडे भरून वाहत होते, नळ बंद करायचं कुणाला सुचेना. सुमन बाळाला कडेवर घेऊन उभी होती, ती रडायला लागली. विश्वनाथ मागे दाराच्या चौकटीत होता. त्याने नुसता हात वर करून बरोबरची खूण केल्यासारखं केलं.

मला वाटलं, झालं. सुटले. सुमन पुढे आली आणि म्हणाली, "मावशी, आज ह्याला तुम्हीच घाला आंघोळ. डॉक्टरांनी आता हलक्या हाताने तेल लावायला सांगितलंय."

ठकूमावशीने दोन्ही हात पदरात घेतले. "न्हाई गं बाई. आता माझा हात धजत न्हाई. नातवाला पायावर घेतलं तरी मनात येतं, मोडलं तर? चाळीस वरसं आसं कदी वाटलं न्हवतं."

माफी मागून मी माझा शब्द परत घेतला होता, पण तिचा हात मी कसा परत देणार? मी आजूबाजूला बघितलं. मग काय मनात आलं कोण जाणे, पातळ गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि त्या ओल्या दगडावर पाय लांब करून बसकण मारली.

"आण गं सुमन, मीच घालते," म्हटलं.

वॉर्डात मी शेकडो बाळं टबात धुतली होती. पायांवर एकही नाही. बाळाला तेल लावलं तर ते साबणाच्या वडीसारखं निसटायला लागलं. एकदा घोट्याशी गेलं, एकदा मांडीवर आलं. बायका तोंडाला पदर लावून खुदखुदायला लागल्या. ठकूमावशी हात पदरात घेऊन बघत होती, आणि तिला ते बघवत नव्हतं. मी पोराला पालथं करायला म्हणून सरळ उजव्या काखेत हात घातला, तशी ती ओरडली,

"अगं ये बये, हळू! तितं धरू नगंस, हाड मोडशील लेकराचं!"

ठकूमावशीने स्वतःच तोंडावर हात मारला. मी वर बघितलं आणि म्हटलं, "मोडलंय एकदा, मावशी. म्हणून तर शिकायला बसलेय."

ती खाली बसली, पाय लांब केले, माझ्या पायांवरून पोर अलगद उचललं आणि आपल्या पायांवर पालथं घातलं. पोर गप्प झालं. तिने माझ्याकडे न बघताच कोपराने मला बाजूला सारलं.

"सरक तिकडं," म्हणाली. "पानी वत. आन् लई गरम नगं."

मी पाणी ओतायला लागले.